पत्ता सांगा, मग आजार सांगा

अमेरिकेतला किंवा युरोपातला एखादा संशोधक गडचिरोलीला यायचा असला, की निघण्याआधी तो एकदा प्रवाशांच्या दवाखान्यात जाऊन येतो. तिकडे त्यासाठी वेगळे दवाखानेच असतात. तिथला डॉक्टर नकाशा बघतो, हिवतापाची प्रतिबंधक गोळी लिहून देतो, राहिलेल्या लशी टोचतो, मच्छरदाणीची आठवण करून देतो. परत आल्यावर ताप आला तर कुठं जाऊन आलात ते सगळ्यात आधी सांगा, अशी तंबीही देतो. आता उलटा प्रवास पाहा. एटापल्लीचा, सिंदेवाहीचा, राजुऱ्याचा मुलगा बिश्केकला, त्बिलिसीला किंवा लंडनला शिकायला निघतो. त्याच्या बॅगेत लोणचं असतं, तिखट असतं, छोटा कुकर असतो आणि एजंटाने दिलेली जाडजूड फाइल असते. तब्येतीबद्दल त्याला मिळालेला सल्ला एका वाक्याचा: “थंडी आहे म्हणतेत तिकडे, जपून राहजो बाबू.”

परदेशात शिकताना तब्येत कशी सांभाळावी यावर मराठीत कमी लिहिलं गेलेलं नाही. विमा काढा, गरम कपडे घ्या, रात्री एकटे फिरू नका, बाहेरचं फार खाऊ नका. यातलं काहीच चूक नाही. पण हा सल्ला कोथरूडच्या मुलालाही तसाच लागू पडतो, आणि अडचण तिथंच आहे. झाडीपट्टीच्या, म्हणजे चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलाच्या रक्तात, फुप्फुसात आणि सवयींत जे असतं ते कोथरूडच्या मुलात बहुधा नसतं. म्हणून या दोन जिल्ह्यांतून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याच्या केसपेपरवर पहिला रकाना गावच्या पत्त्याचा असायला हवा, असं माझं मत आहे. तिकडच्या डॉक्टरला गडचिरोली ठाऊक नसते. ती सांगणं हे विद्यार्थ्याचं काम.

आधी भीतीचा हिशेब करू. परराष्ट्र मंत्रालयाच्या माहितीनुसार २०२४ मध्ये १३ लाख ३५ हजारांवर भारतीय विद्यार्थी परदेशात होते. त्याच वर्षी जुलैत लोकसभेत सांगितलं गेलं की आधीच्या पाच वर्षांत ६३३ भारतीय विद्यार्थ्यांचा परदेशात मृत्यू झाला. कॅनडात १७२, अमेरिकेत १०८, ब्रिटनमध्ये ५८, ऑस्ट्रेलियात ५७, रशियात ३७. यांपैकी हल्ल्यात गेलेले १९. म्हणजे टीव्हीवर दिवसभर चालणारी बातमी ज्या कारणाची असते, त्या कारणाने गेलेली मुलं एकूण मृत्यूंच्या शंभरात तीन. बाकीची अपघाताने, आजाराने आणि इतर कारणांनी गेली. पाच वर्षं आणि दहा-तेरा लाख मुलं हे प्रमाण धरलं तर परदेश हा मृत्यूचा सापळा ठरत नाही. याच वयाची मुलं आपल्या रस्त्यांवर, विहिरींत आणि तापाने किती जातात ते आपण मोजतच नाही. पालकांनी हल्ल्यांची चिंता थोडी कमी आणि आजार-अपघातांची बरीच जास्त करावी, एवढंच या आकड्यांतून निघतं.

दूरदेशी शिकायला गेलेल्या मराठी विद्यार्थ्याच्या तब्येतीची गोष्ट तशी जुनी आहे. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेला गेल्या, फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून मार्च १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात क्षयाने गेल्या. वय २१. तिथली थंडी, न मानवणारा आहार आणि नऊवारीचा आग्रह या तिन्हींनी त्यांची प्रकृती पोखरली, असं त्यांचं चरित्र वाचताना वाटत राहतं. बाबासाहेब आंबेडकरांनी लंडनमध्ये १९२० नंतरची वर्षं अर्धपोटी राहून अभ्यास केला, हे तर चंद्रपुरात शाळकरी मुलंही सांगतात. १६ ऑक्टोबर १९५६ चा इथला दीक्षा समारंभ या गावाच्या स्मरणात आहे, आणि त्याबरोबर त्या उपासाची गोष्टही. आपण मात्र या गोष्टी त्याग म्हणून सांगतो आणि मुलं त्यातून चुकीचा धडा घेतात. पाव-चहावर दिवस काढणं म्हणजे अभ्यासूपणा असं त्यांना वाटू लागतं. तो काळ गेला. आज शिष्यवृत्तीत जेवणाचे पैसे असतात, ते जेवणावरच खर्च व्हावेत.

जवळचं उदाहरण हवं असेल तर डॉ. भास्कर हलामींचं घ्यावं. कुरखेडा तालुक्यातलं चिरचाडी हे त्यांचं गाव. लहानपणी घरात अन्न नसे तेव्हा मोहफुलं शिजवून खाल्ल्याचं त्यांनी स्वतः मुलाखतीत सांगितलं आहे. चौथीपर्यंत कसनसूरची आश्रमशाळा, मग यवतमाळ जिल्ह्यात केळापूरचं शासकीय विद्यानिकेतन, पदवी गडचिरोलीत, एमएस्सी नागपुरात आणि पीएचडी मिशिगन टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीत. पुढे ते मेरिलँडमधल्या औषध कंपनीत शास्त्रज्ञ झाले. हे विद्यापीठ ज्या हॉटन गावात आहे तिथं एका हिवाळ्यात पाच मीटरच्या आसपास बर्फ पडतो. चिरचाडी ते हॉटन हे अंतर एका उडीत कापलेलं नाही, हे या मार्गावरून दिसतं. जंगलातला मुलगा सहाव्या-सातव्या वर्षीच घर सोडतो. आजारी पडल्यावर आई जवळ नसणं म्हणजे काय, हे त्याला शहरी मुलापेक्षा दहा वर्षं आधी कळलेलं असतं. ही त्याची जमेची बाजू. उणे बाजूही तिथंच तयार होते: आश्रमशाळेत अंग तापलं तरी गप्प पडून राहायची सवय लागते. अधीक्षकाला सांगून काय होणार, असं मनात बसतं. ती सवय मुलाबरोबर विमानात बसते.

रक्तात काय आहे

या भागातला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात कमी बोलला जाणारा विषय सिकलसेलचा आहे. मध्य भारतात हा आजार आहे, हे नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मधून जगाला सांगितलं. आज विदर्भात गोंड, माडिया, बौद्ध आणि इतर अनेक समाजांत तो आढळतो. आईबाप दोघांकडून सदोष जनुक आलं तर मूल ‘एसएस’, म्हणजे रुग्ण. एकाकडूनच आलं तर ‘एएस’, म्हणजे वाहक. वाहकाला रोजच्या जगण्यात काही होत नाही, त्यामुळे तपासणीचा कागद घरी कुठल्या तरी डब्यात पडून राहतो. अनेकांची तपासणी शाळेत झालेली असते, पण निकाल काय आला ते मुलाला सांगता येत नाही.

परदेशी जाणाऱ्यासाठी हा कागद पासपोर्टच्या खालोखाल महत्त्वाचा आहे. ऑक्सिजन कमी पडणं, अंगातलं पाणी कमी होणं, कडाक्याची थंडी आणि जंतुसंसर्ग या चार गोष्टींनी सिकलच्या रुग्णाच्या तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं फुटल्यासारख्या वेदना सुरू होतात. आता परदेश प्रवास डोळ्यासमोर आणा. विमानातली हवा सुमारे २४०० मीटरपर्यंतच्या उंचीवर असते तितकी विरळ आणि अगदी कोरडी. मधल्या विमानतळावर पाच-सहा तासांचा मुक्काम, पाण्याची बाटली महाग म्हणून घेतलेली नाही. उतरल्यावर बाहेर शून्याखाली वीस. मे महिन्यात ४७ अंश सोसणाऱ्या चंद्रपूरच्या अंगाला ते नवं. यातली प्रत्येक गोष्ट टाळण्याजोगी आहे. भरपूर पाणी पिणं, पाय हलवत राहणं, निघण्याआधी डॉक्टरला विचारणं एवढ्याने सिकलचे असंख्य रुग्ण सुखरूप प्रवास करतात. मात्र आपण रुग्ण आहोत हे माहीत हवं.

वाहकांनाही पूर्ण मोकळीक नाही. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने २०१० पासून वरच्या श्रेणीतल्या खेळाडूंची सिकल वाहक म्हणून तपासणी सुरू केली, कारण अतिश्रम आणि उष्णता यांत वाहक खेळाडूंचे मृत्यू झाले होते. फार उंचीवर गेल्यावर वाहकाच्या प्लीहेला इजा झाल्याच्याही नोंदी वैद्यकशास्त्रात आहेत. बिश्केकला शिकणारी मुलं सुट्टीत डोंगरात जातात, जॉर्जियातली गुदाउरीला बर्फ बघायला जातात. जावं जरूर. वर गेल्यावर डाव्या बरगडीखाली जोराची कळ आली तर ती गॅसची समजून सोडा पिऊन झोपू नये.

पुढची अडचण डॉक्टरच्या डोक्यातली. पाश्चात्य देशांत सिकलसेल हा आफ्रिकी वंशाच्या लोकांचा आजार अशी समजूत खोल आहे. समोर भारतीय मुलगी कळवळते आहे, एक्स-रेत काही दिसत नाही आणि ती जोरदार वेदनाशामक मागते आहे, असं चित्र असलं तर संशय आधी नशेचा येतो. अमेरिकेत काळ्या रुग्णांनी हे वर्षानुवर्षं सोसलं आहे. अशा वेळी हातात छापील रिपोर्ट असणं हाच उपाय. एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस या रक्तचाचणीचा निकाल, हायड्रॉक्सियुरिया या औषधाचा डोस, आधी कधी वेदनांचा झटका आला आणि तेव्हा काय दिलं, हे एका पानावर इंग्रजीत लिहून, डॉक्टरची सही-शिक्का घेऊन मोबाइलमध्ये आणि पाकिटात ठेवावं. रशियात किंवा किर्गिझस्तानात जाणाऱ्याने त्याचा रशियन तर्जुमाही करून घ्यावा. औषधं ब्रँडच्या नावाने नेली तर तिकडे कोणी ओळखत नाही, मूळ घटकाचं नाव लिहून घ्यावं. न्यायच्या औषधांचे नियमही आधी बघावेत. आपल्याकडे सहज मिळणारी ट्रॅमाडॉल किंवा कोडीन असलेली गोळी संयुक्त अरब अमिरातीत परवानगीशिवाय नेणं गुन्हा ठरू शकतं. सर्दीच्या काही गोळ्यांबाबत जपान फार कडक आहे. विमान दुबईमार्गे असेल तर ही तपासणी निघण्याआधीच करायची.

सिकलचं जनुक इथं का टिकलं याचं उत्तर हिवतापात आहे. वाहकाला गंभीर हिवताप सहसा होत नाही, हे अॅलिसन या शास्त्रज्ञाने १९५४ मध्ये आफ्रिकेत दाखवलं. जिथं डास तिथं सिकल, हा त्याचा अर्थ. धानोरा, एटापल्ली, भामरागड, कोरची या तालुक्यांतल्या मुलाला दोन्ही वारसे एकाच जंगलातून मिळालेले असतात. राज्याच्या हिवतापाच्या नोंदींत गडचिरोलीचं नाव वर्षानुवर्षं वरच्या ओळीत असतं, आणि इथला हिवताप बराचसा फाल्सिपेरमचा, म्हणजे मेंदूपर्यंत जाणारा.

आता असं समजा की मुलगा पावसाळ्यात घरून निघाला, सप्टेंबरात कॉलेज सुरू झालं आणि तिसऱ्या आठवड्यात थंडी वाजून ताप आला. धानोऱ्याला आशाताई बोट टोचून पंधरा मिनिटांत निदान करते. त्बिलिसीत काय होईल? जागतिक आरोग्य संघटनेने किर्गिझस्तानला २०१६ मध्ये आणि जॉर्जियाला २०२५ मध्ये हिवतापमुक्त घोषित केलं. तिथल्या तरुण डॉक्टरने हा आजार पुस्तकात वाचलेला असतो, ओपीडीत पाहिलेला नसतो. तो फ्लू समजून पॅरासिटामॉल देतो. फाल्सिपेरममध्ये दोन-तीन दिवसांचा उशीरही जिवावर बेततो. घर सोडल्यापासून पहिल्या तीन महिन्यांत कोणताही ताप आला तर “मी मलेरियाच्या भागातून आलो आहे, रक्त तपासा” हे वाक्य त्या देशाच्या भाषेत पाठ असायला हवं. व्हायव्हॅक्सचा हिवताप तर यकृतात दडून बसतो आणि काही महिन्यांनी पुन्हा उठतो. त्यावरच्या प्रायमाक्विनच्या १४ दिवसांच्या गोळ्या चार दिवसांत बंद करणाऱ्यांची आपल्याकडे कमतरता नाही. ताप उतरला, गोळ्या फळीवर गेल्या. त्या अर्धवट उपचाराची वसुली मग परक्या देशात होते.

याची दुसरी बाजू मला जास्त धोक्याची वाटते, कारण तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. लहानपणापासून हिवताप होत आलेल्या माणसात थोडी प्रतिकारशक्ती तयार होते. दोन-चार वर्षं डासांपासून दूर राहिलं की ती ओसरते. मग सुट्टीत गावी आलेला मुलगा आपण इथलेच म्हणून मच्छरदाणी न लावता अंगणात झोपतो. परदेशात स्थायिक झालेले लोक मायदेशी नातेवाइकांकडे जाऊन येतात तेव्हा त्यांना हिवताप पर्यटकांपेक्षा जास्त होतो, हे प्रवास-वैद्यकाचं पक्कं निरीक्षण आहे. पर्यटक गोळी घेतो. घरचा माणूस घेत नाही.

क्षयाबद्दल थोडक्यात. सहा महिन्यांहून जास्त काळासाठी ब्रिटनला जाणाऱ्या भारतीयाला व्हिसाआधी छातीचा एक्स-रे काढावाच लागतो. अमेरिकेतली बरीच विद्यापीठं आल्यावर तपासणी मागतात. तिथं हाताच्या त्वचेवरची चाचणी बीसीजीच्या लशीमुळेही पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणून रक्ताची चाचणी मागून घ्यावी. गोवराची, मेंदुज्वराची लस घेतल्याचा दाखलाही मागतात. लहानपणीचं लसीकरण कार्ड कोणत्या पुरात वाहून गेलं हे तेव्हा शोधत बसण्यापेक्षा लस पुन्हा घेणं सोपं. चंद्रपूर, घुग्घुस, बल्लारपूरच्या हवेत वाढलेल्या, दमा असलेल्या मुलांनी एक लक्षात ठेवावं: तिकडची हवा स्वच्छ असली तरी थंड आणि कोरडी असते, आणि तेवढ्यानेही दमा उसळतो. पंप बॅगेच्या तळाशी नको, खिशात हवा.

पैसे कोण भरणार

विम्यावर पानंच्या पानं लिहिता येतील, पण आपल्या मुलांना कळीचा मुद्दा एकच आहे: जुना आजार. भारतात घेतलेल्या स्वस्त प्रवास-विम्यात आधीपासूनचे आजार बहुधा वगळलेले असतात, आणि सिकल तर जन्मापासूनचा. एजंट पॉलिसी दाखवतो, बारीक अक्षरं दाखवत नाही. त्यामानाने त्या देशाची स्वतःची व्यवस्था बरी. ब्रिटनमध्ये विद्यार्थी व्हिसाबरोबर वर्षाला ७७६ पौंड आरोग्य-अधिभार भरला की सरकारी आरोग्यसेवा खुली होते, फक्त पोहोचल्यावर जवळच्या दवाखान्यात नाव नोंदवावं लागतं. ही नोंदणी आजारी पडेपर्यंत न करणारेच जास्त. जर्मनीत तिशीच्या आतल्या विद्यार्थ्याला सार्वजनिक विमा मिळतो. ऑस्ट्रेलियात विद्यार्थ्यांचा आरोग्यविमा घेतल्याशिवाय व्हिसा मिळत नाही. अमेरिकेत विद्यापीठाचा विमा महाग वाटतो म्हणून बाहेरचा घेतला जातो, आणि रुग्णवाहिकेच्या एका बिलात ती बचत जाते.

आजार लपवावा का, हा प्रश्न घरोघरी दबक्या आवाजात विचारला जातो. कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया व्हिसाच्या वैद्यकीय तपासणीत खर्चिक आजारांचा विचार करतात, हे खरं. तेव्हा एसएस रुग्णाने देश निवडतानाच नियम विचारून घ्यावेत. लपवून गेलेल्याचा दावा विमा कंपनी फेटाळते आणि झटका आला की डॉक्टर अंधारात राहतो. दोन्हीकडून तोटा.

शिष्यवृत्तीवाल्यांची स्थिती यात बरी आहे. केंद्राच्या आदिवासी मंत्रालयाच्या परदेश शिष्यवृत्तीत दरवर्षी २० जागा असतात, त्यातल्या ३ आदिम जमातींसाठी, आणि आपला माडिया गोंड समाज त्यात मोडतो. अनुसूचित जातींच्या मुलांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. केंद्राच्या शिष्यवृत्तीत वैद्यकीय विम्याचा हप्ताही धरलेला असतो. खरी काळजी धानाची शेती गहाण टाकून किंवा विकून एमबीबीएसला गेलेल्यांची. वर्षाची फी भरताना बापाचं कंबरडं मोडलेलं असतं. अशा मुलाला पोटात दुखलं तरी तो दवाखान्यात जात नाही आणि घरी कळवत नाही. कर्ज हाही तब्येतीचा शत्रू आहे, आणि त्याची लस नाही.

नदी, बर्फ आणि बाटली

४ जून २०२४ रोजी रशियातल्या वेलिकी नोवगोरोदजवळ वोल्खोव नदीत महाराष्ट्रातले चार वैद्यकीय विद्यार्थी बुडाले. एकजण पाण्यात ओढला गेला आणि बाकीचे वाचवायला गेले. वैनगंगा, प्राणहिता, इंद्रावतीच्या काठी वाढलेल्या मुलांना ही बातमी जास्त लागू आहे, कारण त्यांना पोहता येतं. उत्तरेकडच्या नद्या जूनमध्येही बर्फासारख्या गार असतात. पाण्यात पडताक्षणी श्वास अडकतो, तोंडात पाणी जातं आणि काही मिनिटांत हातपाय ऐकेनासे होतात. वैनगंगेत पट्टीचा पोहणारा तिथं नवशिक्या ठरतो. बुडणाऱ्याच्या मागे उडी न मारता दोर, ओढणी, फांदी टाकावी. आपल्या मासेमार ढीवर बांधवांना विचारा, तेही हेच सांगतील.

थंडीतला दुसरा मारेकरी दिसत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये गुदाउरीत एका उपाहारगृहाच्या वरच्या खोल्यांत झोपलेले ११ भारतीय कार्बन मोनॉक्साइडने गेले. ते विद्यार्थी नव्हते, तिथले कामगार होते, पण खोली कुणाचीही असू शकते. बंद खोलीत जनरेटर, शेगडी, खराब गिझर यांतून हा वायू येतो, त्याला वास नसतो. हिवाळ्यात शेकोटीजवळ झोपणाऱ्या आपल्या भागात हा धोका नवा नाही, फक्त आपल्या घरांना फटी असतात आणि तिकडच्या खिडक्या हवाबंद. वायूचा धोका ओळखणारं छोटं यंत्र फार महाग नसतं. भाड्याच्या खोलीत ते आहे का, हे डिपॉझिट देण्याआधी बघावं.

आता खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण. याचा उल्लेख न करता चंद्रपूर-गडचिरोलीच्या तरुणांच्या तब्येतीवर लिहिणं हा ढोंगीपणा होईल. बारावीच्या आत तोंडात पन्नी रिकामी करणारी मुलं आपण रोज पाहतो. ‘सर्च’ या संस्थेने २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ मोहीम चालवली ती याच व्यसनांविरुद्ध. परदेशात खर्रा मिळत नाही, आणि सिंगापूरसारख्या देशात चघळायची तंबाखू नेणंच बेकायदा आहे. तलफ मात्र सीमा ओलांडून जाते, मग सिगारेट आणि व्हेप सुरू होतं. दारूचं तसंच. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, चंद्रपुरात ती २०१५ ते २०२१ होती. लपूनछपून पाहिलेली बाटली तिकडे किराणा दुकानात उघड मांडलेली असते. थंडीत दारूने ऊब येते हा भ्रम आहे. तिने कातडीतल्या रक्तवाहिन्या पसरतात, अंग गरम वाटतं आणि आतली उष्णता वेगाने निघून जाते. पिऊन बर्फात बसलेला माणूस त्याच समाधानात गारठून मरतो.

मुलींचं वेगळं सांगायला हवं. डॉ. राणी आणि अभय बंग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकून परतले आणि १९८६ पासून गडचिरोलीत काम करू लागले. त्यांच्या अभ्यासातून दोन गावांतल्या ९२ टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग असल्याचं दिसलं. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ने तो छापला. त्यातली बहुतेक दुखणी कोणालाच सांगितलेली नव्हती. त्या स्त्रियांच्या नाती आज परदेशात शिकायला जात आहेत, आणि गप्प राहण्याचा वारसा पूर्ण सुटलेला नाही. पाळीचा त्रास, पांढरं जाणं, गर्भनिरोधन, नको तो स्पर्श, यातलं काहीही विद्यापीठाच्या आरोग्यकेंद्रात सांगता येतं आणि ते घरी कळवलं जात नाही. ही गोपनीयता तिथं कायद्याने मिळते, हे मुलीला निघण्याआधी आईने किंवा ताईने सांगावं.

मनाच्या आजाराबद्दलही तेच. उत्तरेकडे डिसेंबरात दुपारी चारला अंधार पडतो, ऊन नसल्याने ड जीवनसत्त्व घटतं, मन खचतं. बोलायला माडिया किंवा झाडीबोली कळणारं माणूस शेकडो मैलांत नसतं. यात कमजोरी काहीच नाही. अमेरिकेत ९८८ हा क्रमांक फिरवला की कोणीतरी ऐकतं. आपल्या देशातली टेलिमानस सेवा १४४१६ वर आहे, मराठीत बोलता येतं, आणि घरच्यांचा धीर सुटला तर तेही तो फिरवू शकतात.

युद्ध आणि दंगल आपल्या हातात नसतात, तयारी असते. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला तेव्हा अडकलेल्यांत चंद्रपूर आणि गडचिरोलीचीही मुलं होती. सुमी शहरातल्या विद्यार्थ्यांवर बर्फ वितळवून पाणी प्यायची वेळ आली. मे २०२४ मध्ये बिश्केकमध्ये जमावाने परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांवर हल्ले केले आणि मुलं दिवसेंदिवस खोलीत कोंडून राहिली. दोन्ही वेळी दूतावासाकडे ज्यांची नावं नोंदलेली होती त्यांना निरोप पोहोचले. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर विद्यार्थ्याची नोंदणी फुकट होते. खोलीत आठवड्याचं पाणी, कोरडं खाणं, महिन्याची औषधं आणि थोडी रोख रक्कम असावी. एक गोष्ट खास भामरागडकरांसाठी: पर्लकोटेला पूर आला की तालुक्याचा संपर्क तुटतो. विद्यापीठाच्या फॉर्मवर तातडीचा संपर्क म्हणून बापाचा नंबर देऊन भागत नाही. नागपूर-गडचिरोलीतल्या, फोन उचलेल आणि दोन वाक्यं इंग्रजीत बोलेल अशा नातेवाइकाचा नंबर दुसरा म्हणून द्यावा.

हे सगळं एका विद्यार्थ्याच्या डोक्यावर टाकून मोकळं होणं बरोबर नाही. चंद्रपुरात २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, गडचिरोलीतही २०२४ मध्ये सुरू झालं. गोंडवाना विद्यापीठ २०११ पासून आहे. गडचिरोली, अहेरी, भामरागड, चंद्रपूर आणि चिमूर इथं आदिवासी विकासाची प्रकल्प कार्यालयं आहेत. शिष्यवृत्तीचा अर्ज ज्या टेबलावर येतो त्याच टेबलावरून मुलाला महाविद्यालयाच्या दवाखान्यात पाठवायला वेगळा निधी लागत नाही. आठवड्यातली एक दुपार, एक डॉक्टर, सिकलची तपासणी, राहिलेल्या लशी, हिमोग्लोबिन, आणि हातात सही-शिक्क्याचं एक इंग्रजी पान. पुण्या-मुंबईला जाणाऱ्या मुलांनाही ते उपयोगी पडेल, कारण तिथल्याही डॉक्टरला कोरचीचा ताप ओळखीचा असतोच असं नाही.

ही दुपार सुरू होईपर्यंत मुलांनी वाट पाहू नये. केंद्राची सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ पासून चालू आहे आणि ४० वर्षांपर्यंतच्या सगळ्यांसाठी आहे. आपल्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात ही तपासणी मोफत होते. तिकीट काढण्याआधी ती करून घ्या, आणि निकालाचा कागद मागून घ्या.